नागपूर आणि विदर्भातील विशेषज्ञ उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ आणि मेळघाटातून उपचारासाठी नागपूरला येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; मात्र एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हा मजकूर डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. कोणत्या दारात आधी जावे आणि तेथे काय विचारावे, एवढे कळावे हा त्याचा हेतू आहे.

१. मेडिकल, मेयो, सुपर आणि एम्स ही चार वेगवेगळी रुग्णालये आहेत का?

होय. ‘मेडिकल’ म्हणजे १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. ‘मेयो’ म्हणजे रेल्वे स्थानकाजवळचे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय; महाविद्यालय १९६८ चे असले, तरी रुग्णालयाची परंपरा १८६२ पासूनची आहे. ‘सुपर’ म्हणजे मेडिकलला संलग्न असलेले सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल. त्याचा कारभार मेडिकलशी जोडलेला असला तरी इमारत वेगळी आहे, आणि पहाटे गावाहून निघालेली माणसे नेमकी येथेच चुकतात: चिठ्ठीवर ‘सुपर’ लिहिलेले असते आणि ती मेडिकलच्या रांगेत तासन्‌तास उभी राहतात. एम्स हे केंद्र सरकारचे रुग्णालय वर्धा मार्गावर मिहान परिसरात आहे. तेथे २०१८ मध्ये पहिली एमबीबीएसची तुकडी सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. मेट्रोने खापरीपर्यंत जाता येते, तेथून पुढे ऑटो किंवा बस घ्यावी लागते.

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आणि सावंगी (मेघे) येथील रुग्णालयांचाही याच यादीत विचार करावा. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था डॉ. सुशीला नायर यांनी गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू केली. यवतमाळ, वर्धा किंवा हिंगणघाटच्या रुग्णाला अनेकदा नागपूरपर्यंत येण्याची गरजच नसते.

२. आमच्या गावाकडचे डॉक्टर एमडी आहेत. मग सुपरस्पेशालिस्ट कशाला लागतो?

बहुतेक आजारांत लागत नाही, आणि हे आम्ही मनापासून सांगतो. मधुमेह, रक्तदाब, न्यूमोनिया, हिवताप, क्षयरोग, साधे अस्थिभंग, बाळंतपण यांसाठी जिल्हा रुग्णालयातील एमडी किंवा एमएस डॉक्टर पूर्ण सक्षम असतात. एमडी किंवा एमएस झाल्यानंतर आणखी तीन वर्षे एकाच अवयवाचा किंवा आजाराचा अभ्यास करणारे डॉक्टर डीएम किंवा एमसीएच ही पदवी घेतात. हृदयरोग, मूत्रपिंडविकार, मेंदूविकार, मेंदूची शस्त्रक्रिया, मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ही त्यांची क्षेत्रे. अँजिओप्लास्टी, बायपास, मेंदूतील गाठ, मूत्रपिंड प्रत्यारोपण अशा ठिकाणी त्यांच्यावाचून चालत नाही. सर्पदंशाचे उदाहरण यासाठी उपयोगी पडते. विषरोधक लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळू शकते आणि ती तेथेच, लवकरात लवकर घ्यायची असते. ती न घेता थेट नागपूरचा रस्ता धरला, तर वाचू शकणारा माणूस वाटेतच दगावण्याचा धोका असतो.

३. आमच्या जिल्ह्यात मेडिकल कॉलेज झाले, तरीही नागपूरला रेफर का करतात?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि त्यामागची चीड रास्त आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत विदर्भात महाविद्यालयांची संख्या खरोखर वाढली. यवतमाळ आणि अकोला येथील शासकीय महाविद्यालये जुनी आहेत. त्यानंतर चंद्रपूर आणि गोंदिया येथील सुरू झाली, आणि ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा नव्या शासकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशीम आणि भंडारा ही पाच एकट्या विदर्भातील होती. कागदावर पाहिले तर जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या वाट्याला आता एक महाविद्यालय आले आहे.

तथापि, महाविद्यालय म्हणजे सुपरस्पेशालिटी रुग्णालय नव्हे. एमबीबीएसच्या शिक्षणासाठी औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग, बालरोग, अस्थिरोग, भूल अशा मूलभूत विभागांची आवश्यकता असते. हृदयशस्त्रक्रिया किंवा मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग असलाच पाहिजे, असे बंधन नसते. दुसरे कारण वेळेचे आहे. एमबीबीएस आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, त्यानंतर एमडी तीन वर्षे, त्यानंतर डीएम तीन वर्षे. म्हणजे २०२४ मध्ये गडचिरोलीत प्रवेश घेतलेला विद्यार्थी, प्रत्येक टप्पा पहिल्याच प्रयत्नात पार पडला तरी, २०३६ च्या सुमारास हृदयरोगतज्ज्ञ होईल. तोवर तज्ज्ञ बाहेरून आणावे लागतील, आणि त्यांनी तेथे टिकावे यासाठी निवासस्थान, मुलांची शाळा, सोबतीला दुसरा तज्ज्ञ आणि प्रशिक्षित परिचारिका या सगळ्यांची सोय करावी लागेल.

आमच्या मते खरी अडचण येथेच आहे. इमारतीचे भूमिपूजन होते, यंत्र येते, पण कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) चालवणारा तंत्रज्ञ, डायलिसिसचा तंत्रज्ञ, रात्रपाळीचा भूलतज्ज्ञ यांची पदे भरली गेली की नाही, हे कोणी विचारत नाही. आपल्या लोकप्रतिनिधीला प्रश्न विचारायचाच असेल, तर ‘किती खाटांचे रुग्णालय होणार?’ याऐवजी ‘मंजूर पदांपैकी किती भरली?’ असा विचारावा.

४. छातीत दुखू लागले तर वेळ न घालवता थेट नागपूरला न्यावे का?

नाही. आधी सर्वांत जवळच्या अशा ठिकाणी न्यावे, जेथे ईसीजी निघतो आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. साधारणपणे हे ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय असते.

यामागचे कारण नीट समजून घ्यावे. मोठ्या हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद होते आणि प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत जातो. रक्तवाहिनी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, कॅथलॅबमध्ये तातडीची अँजिओप्लास्टी. निदान झाल्यापासून साधारण दोन तासांच्या आत ती होणार असेल, तर ती सरस ठरते. दुसरा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. ते बारा तासांपर्यंत देता येते, परंतु पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा लाभ सर्वाधिक असतो. नागपुरात राहणाऱ्याला पहिला मार्ग उपलब्ध आहे. गडचिरोलीहून नागपूरचा रस्ताच साडेतीन-चार तासांचा, आणि भामरागडहून गडचिरोली गाठायलाही तेवढाच किंवा पावसाळ्यात त्याहून अधिक वेळ लागतो. अशा रुग्णासाठी जवळच्या रुग्णालयात मिळालेले इंजेक्शन हाच खरा विशेषज्ञ उपचार होय. ते दिल्यानंतर, शक्यतो पुढच्या चोवीस तासांत, त्याला अँजिओग्राफीसाठी मोठ्या केंद्रात हलवावे.

म्हणून रुग्णालयात पोहोचताच दोनच गोष्टी विचाराव्यात: ईसीजी काढला का, आणि इंजेक्शन द्यायचे नसेल तर त्याचे कारण काय. काही रुग्णांना ते देता येत नाही, उदाहरणार्थ ज्यांना पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आहे त्यांना; अशा वेळी लगेच पुढे पाठवणे योग्य ठरते. प्रवासासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मागवावी. भाड्याच्या जीपमध्ये ना डॉक्टर असतो, ना ऑक्सिजन.

५. पक्षाघाताच्या बाबतीतही आधी जवळच्याच रुग्णालयात न्यावे (प्रश्न ४), हे लागू आहे का?

अंशतः. पक्षाघातात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांचीच आहे, आणि ते देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करण्यासाठी सीटी स्कॅन अनिवार्य आहे. त्यामुळे येथे जवळचे रुग्णालय म्हणजे जवळचे सीटी स्कॅन असलेले रुग्णालय. ‘माणूस शेवटचा ठीक केव्हा दिसला होता’ ती वेळ कागदावर लिहून ठेवावी; डॉक्टर सर्वप्रथम हेच विचारतात आणि घाबरलेल्या घरात ते कोणालाच आठवत नाही.

६. येताना कोणती कागदपत्रे आणावीत?

रेफर चिठ्ठी, आधार कार्ड, शिधापत्रिका, असल्यास आयुष्मान कार्ड, आणि सर्व जुने तपासणी अहवाल. अहवालाचा कागद पुरेसा नसतो. अँजिओग्राफी, सीटी किंवा एमआरआयची सीडी अथवा फिल्म सोबत असली, तर तीच तपासणी पुन्हा करण्याचा खर्च आणि दिवस वाचतात. कर्करोगाच्या रुग्णाने बायोप्सीचा अहवाल तर आणावाच, पण ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली तेथून स्लाइड आणि ब्लॉकही (काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) मागून आणावेत. चालू असलेल्या औषधांची पाकिटे पिशवीत टाकावीत, कारण ‘एक पांढरी, एक गुलाबी गोळी’ यावरून कोणत्याही डॉक्टरला काही समजत नाही.

७. महात्मा फुले योजनेत खर्च भागतो का? पांढऱ्या शिधापत्रिकेवर लाभ मिळतो का?

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानुसार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवण्यात आली असून विमा संरक्षण प्रति कुटुंब प्रति वर्ष ५ लाख रुपये करण्यात आले आहे. त्यामुळे पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लाभ मिळतो. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने ती सुरू झाली होती आणि अनेक ज्येष्ठ मंडळी तिला अजूनही ‘जीवनदायी’च म्हणतात. दोन्ही नावांनी एकच योजना समजावी.

तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, योजना फक्त अंगीकृत (योजनेत समाविष्ट केलेल्या) रुग्णालयात आणि यादीतील उपचारांसाठीच लागू होते. काही शस्त्रक्रिया केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. दुसरी, ५ लाख ही संपूर्ण कुटुंबाची वर्षाची मर्यादा आहे, प्रत्येक व्यक्तीची नव्हे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, भरती होण्यापूर्वी किंवा होताच आरोग्यमित्राला (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाला) भेटावे. आधी पैसे भरून नंतर योजनेतून परत मिळतील, या समजुतीने अनेक कुटुंबांनी शेत गहाण ठेवले आहे. ही योजना परताव्याची नाही. अडचण आल्यास १५५३८८ या क्रमांकावर संपर्क साधावा.

८. वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे का?

आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे आणि त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेण्यात आले आहे. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर ज्येष्ठांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचे अतिरिक्त संरक्षण मिळते. नोंदणी आधारवरील वयानुसार होते, त्यामुळे आधारवरील जन्मवर्ष चुकलेले असेल तर ते आजारपण येण्याआधीच दुरुस्त करून घ्यावे.

९. आम्ही छिंदवाडा जिल्ह्यातले आहोत. नागपुरात उपचार मिळतील का?

उपचार निश्चित मिळतील. छिंदवाडा, सिवनी, बालाघाट, बैतूल येथून पिढ्यान्‌पिढ्या रुग्ण नागपुरात येत आले आहेत आणि मेडिकल किंवा एम्समध्ये राज्य पाहून कोणाला परत पाठवले जात नाही. प्रश्न पैशाचा आहे. महात्मा फुले योजनेचा राज्यपुरस्कृत भाग महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी आहे. मात्र केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचे कार्ड असेल, तर ते दुसऱ्या राज्यातील अंगीकृत रुग्णालयातही चालते.

१०. सिरोंच्याहून नागपूर फार दूर पडते. तेलंगणात गेलो तर चालेल का?

वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. गोदावरीवरील पूल झाल्यापासून सिरोंच्याची माणसे मंचेरियाल, करीमनगर किंवा वरंगळला जातात, आणि तातडीच्या वेळी नकाशावरील राज्याच्या सीमेपेक्षा घड्याळाकडे पाहणे शहाणपणाचे आहे. केवळ राज्य योजनेचे लाभार्थी असलेल्यांनी तेथे योजना लागू होईल असे गृहीत धरू नये. केंद्राच्या कार्डाबाबत प्रश्न ९ पाहावा. तेलुगूतील चिठ्ठी नंतर गडचिरोलीत कोणाला वाचता येत नाही, म्हणून सुट्टी घेताना इंग्रजीतील डिस्चार्ज कार्ड आग्रहाने मागून घ्यावे.

११. डायलिसिससाठी दर वेळी नागपूरला यावे लागेल का?

लागू नये. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्रावर राहायचे आणि वर येण्या-जाण्याचा प्रवास, हे कोणाच्याही शरीराला आणि खिशाला पेलणारे नाही. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाल्यानंतर ही सेवा जिल्हा रुग्णालयांत आणि काही उपजिल्हा रुग्णालयांतही पोहोचली आहे. नागपुरात मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना दाखवून डायलिसिसचे वेळापत्रक लिहून घ्यावे, हाताला फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) करून घ्यावा आणि नियमित डायलिसिस आपल्या जिल्ह्यात सुरू ठेवावे. फिस्टुला वापरण्याजोगा होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून तो वेळेआधी करणे आवश्यक असते. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये.

१२. मूत्रपिंड प्रत्यारोपण विदर्भात होते का? नाव कोठे नोंदवायचे?

होते. नागपूरच्या सुपरमध्ये २०१६ पासून शासकीय पातळीवर प्रत्यारोपण सुरू झाले. एम्स, नागपुरातील काही खासगी रुग्णालये आणि अमरावतीचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय येथेही ते केले जाते.

जिवंत दाता असेल, तर १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, पती, पत्नी, आजी-आजोबा आणि नातवंडे हे जवळचे नातेवाईक मानले जातात. काका, आत्या, मेहुणा किंवा मित्र देऊ इच्छित असतील, तर प्राधिकार समितीची परवानगी लागते आणि पैशाचा व्यवहार नाही हे सिद्ध करावे लागते. मेंदूमृत दात्याकडून अवयव मिळण्यासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नोंदणी होते. २०२३ मध्ये केंद्राने अधिवासाची अट आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा हटवण्याचे धोरण स्वीकारले आहे. आमच्या अनुभवात सर्वांत दुखरी बाब अशी की आया आणि बायका दाता म्हणून चटकन पुढे येतात, आणि रुग्ण स्त्री असेल तर घरातील पुरुष मागे राहतात. दात्याला एक मूत्रपिंड सामान्यतः स्वतःच्या आयुष्याला बाधा न आणता देता येते, हे समुपदेशकाकडून संपूर्ण कुटुंबाने एकत्र बसून ऐकावे.

१३. तोंडाचा कर्करोग निघाला आहे. रेडिएशनसाठी किती दिवस राहावे लागेल?

साधारण सहा ते सात आठवडे, सोमवार ते शुक्रवार दररोज काही मिनिटे. उपचार छोटा आणि मुक्काम मोठा, ही या आजाराची खरी अडचण आहे, आणि अर्धवट सोडलेले रेडिएशन फारसे उपयोगी पडत नाही. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, जामठ्याचे ४७० खाटांचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकल आणि एम्स ही प्रमुख ठिकाणे आहेत; रेडिएशनचे यंत्र त्या वेळी चालू आहे का आणि प्रतीक्षा किती दिवसांची आहे, हे सर्व ठिकाणी विचारून मगच केसपेपर काढावा. मुक्कामाची सोय वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांच्या कार्यालयात विचारावी. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला भाड्यात सवलत मिळते. त्यासाठीचा विहित नमुना रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगामागे बहुधा खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) असतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड उघडेनासे होणे यांपैकी काहीही दिसल्यास जिल्हा रुग्णालयातील दंतचिकित्सकाला दाखवावे. त्या टप्प्यावर गाठले, तर पुष्कळदा केवळ शस्त्रक्रियेने भागते आणि वरील सात आठवडे टळतात.

१४. सिकलसेल असलेल्या मुलाला कोठे दाखवावे?

नियमित देखरेख जिल्हा रुग्णालयात, आणि गुंतागुंत झाल्यास मोठ्या केंद्रात. सिकलसेल हा पूर्व विदर्भातील गोंड, माडिया, परधान आदी आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींच्या काही समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळणारा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. तो कोणाच्या दोषामुळे होत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. चंद्रपूर येथे या गटातील आजारांसाठीचे संशोधन आणि नियंत्रण केंद्रही डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्राला समर्पित करण्यात आले.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करते, पण ते रोज घ्यावे लागते आणि त्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. ताप, श्वास लागणे, छातीत दुखणे, पोटात प्लीहा वाढल्यासारखे वाटणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे ही लक्षणे दिसताच भरती करावे. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झालेला आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

१५. मी सिकलसेलची वाहक आहे, माझ्या होणाऱ्या नवऱ्याचाही अहवाल तसाच आला आहे. लग्न मोडावे का?

हा निर्णय तुमचा आहे आणि तो घेण्यासाठी पुढील माहिती पुरेशी ठरावी. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते. ‘पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुरक्षित’ हा हिशेब चुकीचा आहे. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने तेवढीच असते. गर्भजल किंवा वारेच्या तपासणीने निदान करता येते, परंतु त्यासाठी गर्भारपणाच्या अगदी सुरुवातीलाच डॉक्टरांना भेटायला हवे. मुलीला तिचा अहवाल लपवायला लावणे हा मात्र सर्वांत घातक मार्ग आहे.

१६. बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असे अंगणवाडीच्या तपासणीत सांगितले. आता काय करावे?

ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने केलेली असते आणि पुढील निदान व शस्त्रक्रियेचा मार्ग त्याच पथकामार्फत मोफत उपलब्ध होतो. स्वतंत्रपणे खासगी रुग्णालय गाठण्यापूर्वी त्यांची संदर्भ चिठ्ठी घ्यावी. सर्वच छिद्रांना शस्त्रक्रिया लागत नाही; काही आपोआप बुजतात, पण ते टू-डी इकोनंतर (हृदयाच्या सोनोग्राफीनंतर) बालहृदयरोगतज्ज्ञांनीच ठरवायचे असते. बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर तारखेची वाट पाहू नये.

१७. शासकीय रुग्णालयात व्हेंटिलेटरची खाट नाही असे सांगितले. मग?

प्रथम, ज्या रुग्णालयात आहात तेथेच दुसऱ्या शासकीय रुग्णालयात फोन करून खाट निश्चित करण्याची विनंती करावी. फोन न करता रुग्णाला हलवणे सर्वाधिक धोक्याचे असते. ते न जमल्यास धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांचा विचार करावा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ एए अंतर्गत अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका दाखवून तेथील समाजसेवकाला भेटावे, आणि नकार मिळाल्यास तो लेखी मागून धर्मादाय सहआयुक्त कार्यालयात तक्रार करावी. लेखी मागितल्यावर खाट सापडल्याचे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

१८. सुट्टी मिळाल्यावर प्रत्येक फेरतपासणीला नागपूरलाच यायचे का?

सुट्टीच्या दिवशीच हे विचारून घ्यावे: कोणती तपासणी आपल्या तालुक्यात चालेल, कोणत्या लक्षणासाठी लगेच परत यावे आणि कोणते औषध कधीही बंद करायचे नाही. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या रुग्णाने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर थांबवल्यास स्टेंट बंद पडू शकतो. प्रत्यारोपण झालेल्याने प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चुकवल्यास मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. त्यामुळे नागपुरातून निघताना निदान एक महिन्याची औषधे सोबत घ्यावीत आणि तीच औषधे पुढे गावाजवळ कोठे मिळतील, याची चौकशी आधी करावी. साध्या शंकांसाठी ई-संजीवनी या शासनाच्या दूरसल्ला सेवेवरून आरोग्य केंद्रातूनच तज्ज्ञांशी बोलता येते. डिस्चार्ज कार्डाच्या दोन छायाप्रती काढाव्यात: एक घरी राहावी, दुसरी गावातील आशाताईंकडे द्यावी, कारण मध्यरात्री रुग्णवाहिका बोलावण्याची वेळ आली तर बहुधा त्याच सर्वांत आधी दाराशी येतात.